मोटेच्या चामड्याचं काळीज

खंडू गेल्याचं सांगायला त्याचा मुलगा बबन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. सांगायला लाज वाटते, पण अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की काळीज कुठंय? बबनला बरोबर कळलं. त्यांच्या घरात ‘काळीज’ म्हणजे गोठ्यातल्या मांडणीवर ठेवलेली, दोन रबरी फुगे आणि नळ्या ठोकलेली एक फळी. “तुमालाच द्या म्हनून गेलेत,” तो म्हणाला. मग मात्र मला आरशात बघवेना... त्याला आता महिना झाला. रडून झालं. पण खंडूवर लिहायला बसलं की आधी हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

मी चिंचवडच्या शाळेत लागलो तेव्हा पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. पिंपरीच्या माळावर औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चाललेलं, बाकी नजर जाईल तिथं शेतं. मी साताऱ्याकडचा, बिऱ्हाड एका खोलीचं आणि नोकरी हंगामी. विमलशी माझं लग्न ठरल्यासारखं होतं, पण तिच्या वडिलांनी स्वच्छ कळवलं होतं, की मास्तर कायम झाले तरच मुलगी देऊ आणि वैशाखापर्यंतच थांबू. कायम होणं होतं शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर, आणि त्यांच्यासमोर मी सातवीला हृदयाचा धडा शिकवायचा होता. मी रोज रंगीत तालीम करायचो. वर्गाच्या खिडकीखालूनच खंडूच्या शेताचा पाट जायचा, म्हणून मी मोठ्या हुशारीनं दृष्टांत योजला होता. हृदय म्हणजे विहिरीवरचं इंजिन, रक्तवाहिन्या म्हणजे पाट आणि हातपाय म्हणजे वाफे.

एके दिवशी खंडू खाली दारं धरत होता, म्हणजे फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडत होता. माझा दृष्टांत ऐकून तो फावडं टेकवून उभा राहिला आणि खिडकीतून विचारता झाला, की अंगात रगत असतं किती? मी म्हटलं, पाच-सहा शेर. आणि काळीज मिनिटाला लोटतं किती? मी सांगितलं, साधारण तेवढंच. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“मग मास्तर, तुमचं चुकतंय. वाफ्यात गेलेलं पानी मुरतं, माघारी येत न्हाई. हिरीत सहा घागरी पानी आन् इंजिन मिनिटाला सहा घागरी उपसतंय, तर दुसऱ्या मिनिटाला हीर कोरडी. मानूस तर साठ-सत्तर वर्सं चालतोय. त्येच रगत फिरून माघारी येत असनार.”

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी पुस्तकातून पाठ केलेलं त्यानं नुसत्या विहिरीच्या हिशेबानं शोधून काढलं होतं! मला राग आला, पण संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन माझं चुकल्याचं मी कबूलही केलं. तो हसला आणि म्हणाला, आपण काळीज करूच.

आठ दिवस आम्ही त्यांच्या गोठ्यात बसलो. मोटारीच्या जुन्या भोंग्यांचे दोन रबरी फुगे आणि सायकलची ट्यूब मिळाली. इंजिन आल्यापासून अडगळीत पडलेल्या मोटेचं चामडं कापून खंडूनं झडपा केल्या, पाणी पुढं जाऊ देणाऱ्या आणि मागं न येऊ देणाऱ्या. उजव्या फुग्यातून रक्त फुप्फुसांकडे, तिथून डाव्यात, डाव्यातून अंगभर आणि पुन्हा उजव्यात. शेवटचा जोड त्यानं तपासणीच्या आदल्या दिवशी एकट्यानं पुरा केला.

दिपोटीसाहेब आले, पांढऱ्या पाटलोणीत. मी कुंकवाचं पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी दोन्ही फुगे दाबू लागलो. लाल पाणी असं झोकात फिरू लागलं, की मला मांडव दिसायला लागला. मग फुगे मऊ पडू लागले आणि साहेबांच्या बुटाखालून एक लाल ओघळ निघाला. पाटाच्या शेवटाला जास्तीचं पाणी जायला तोंड ठेवायचं, नाहीतर बांध फुटतो, ही खंडूची जन्माची सवय. रक्त माघारी येतं हे मला शिकवणाऱ्या गड्यानं ट्यूबच्या टोकाला न विचारता एक भोक पाडून ठेवलं होतं. काळीज बंद पडलं. माझंही जवळजवळ पडलं.

तेवढ्यात खिडकीतून चिखलाच्या पायांनी खंडू आत उतरला. त्यानं भोकावर बोट दाबलं, दुसऱ्या हातानं तांब्यातलं पाणी वरून ओतलं आणि मला म्हणाला, दाबा. पाणी पुन्हा फिरलं.

“सायब,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “आता म्या बोट काढलं तर मानूस मरल.”

साहेब इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग त्यांनी वर्गाला विचारलं, काळीज मघाशी का थांबलं? रक्त माघारी आलं नाही म्हणून, असं सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. शेरा चांगला पडला, मी कायम झालो आणि वैशाखात लग्न लागलं. पंगतीत खंडूनं माझ्या सासऱ्यांना ते बोट दाखवलं आणि तुमचा जावई यानं कायम केला म्हणून जास्तीची जिलबी वसूल केली.

ते भोक त्यानं कधी बुजवलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी धड्याच्या दिवशी तो काळीज घेऊन यायचा आणि तासभर बोट लावून बसायचा. बुजव की आता, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, “बुजवलं तर मला बोलवाल कशाला?”

परवा मी काळीज स्वयंपाकघरात मांडलं आणि त्यात कुंकवाचं पाणी भरलं. भोकावर बोट ठेवलं तेव्हा ध्यानात आलं, की आता फुगा दाबायला माझ्याकडे एकच हात उरतो. भात वाढून विमल दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा स्टूल ओढून बसली आणि दुसरा फुगा तिनं हातात घेतला. माझ्याबरोबर एकदम दाबायचा, मी सांगितलं. ठाऊक आहे, ती म्हणाली. पाणी फिरू लागलं... भात गार झाला. मी बोट काढलं नाही.