पोलीस बाहेर थांबतील

वकिली करायची तर कायदा शिकावा लागतो, किस्से मात्र आपोआप साचतात. आमच्या तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये तर एका पोलीस ठाण्याचेच इतके साचलेत की चहा पुरत नाही! पण आधीच सांगून ठेवते, अशा प्रत्येक किश्श्यात एक माणूस पिंजऱ्यात उभा असतो. आपल्याला जेलमध्ये नेणार की परत ठाण्यात, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. 'परत ठाण्यात' ऐकून भलेभले 'त्यापेक्षा जेल द्या' म्हणताना मी पाहिलेत.

*

ठाण्यासमोर गजाननभाऊंची टपरी. जप्ती कुठेही होवो, पंच म्हणून सही त्यांचीच! आमच्या सीनियर बोरकरबाईंनी उलटतपासणीत सहज विचारलं, "भाऊ, या जप्तीसाठी जंगलात जाताना नाला कुठून ओलांडला?"

"नाला? टपरी सोडून मी कुठी जातो, बाई? शिपाई कागद घेऊन येते, मी सही करतो!"

सगळं कोर्ट हसलं. आरोपी नाही हसला. तो तोवर वर्षभर आत होता.

*

अटक केली की घरच्यांना कळवायचं, हा नियम. एका पोराच्या कागदावर लिहिलेलं, 'वडिलांना समक्ष कळवले.' मागच्या बाकावरून त्याची आई उठली.

"कुठी भेटले जी ते तुमाले? मले बी भेटवा ना! त्याईले जाऊन जमाना झाला."

ठाण्याच्या फौजदारसाहेबांनी तो कागद हळूच उलटा ठेवला.

*

लॉकअपमधला कॅमेरा हवा तेव्हा नेमका बंद! कारण काय, तर "माकडानं वायर तोडली, सर."

"गेल्या वेळीही माकडच होतं," बाई म्हणाल्या.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "माकडाचा जबाब घेतलात का?"

*

आणि हा दसरूचा. जंगलातल्या गावचा तरुण, मोटार चोरीच्या संशयावरून आणलेला. पोलिसांना त्याची आणखी कोठडी हवी होती. मेडिकल रिपोर्टमध्ये 'इजा नाही'. त्याची बायको मात्र बाईंना रडत सांगत होती, "डॉक्टर जीपजवळ आला, खिडकीतून पायलं अन् गेला. याले उतरवलंच नाई!"

दसरूला गोंडीच येते. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" दुभाषा म्हणून उभा कोण, तर त्याच ठाण्याचा शिपाई! त्यानं गोंडीत विचारलं. दसरू बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्याची नजर मागे बसलेल्या फौजदारांवर गेली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"नाई म्हणते, सर," शिपाई म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. एवढं लांबलचक बोलणं आणि त्याचा अर्थ नुसता 'नाही'?

बाई शांतपणे उठल्या. "सर, ज्यांच्याविरुद्ध विचारायचं, उत्तरही त्यांच्याच तोंडून घ्यायचं का?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "पोलीस बाहेर थांबतील. दुसरा दुभाषा बोलवा."

सगळे पोलीस बाहेर गेले. दार मात्र उघडंच राहिलं, आणि उंबऱ्यापलीकडे फौजदारांचे बूट दिसत होते. दुभाषा येईना. दसरू त्या बुटांकडेच बघत होता. मी दार लावायला उठले, तर बाईंनी मला हात धरून खाली बसवलं.

मग दसरू स्वतःच पिंजऱ्यातून बाहेर आला. कुणी अडवलं नाही. त्यानं दार लोटलं, कडी घातली, आमच्याकडे पाठ केली आणि सदरा वर केला.