पिशोरे की पिशोरी
निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार मराठीत आला, तेव्हा वडील आपला उर्दू दाखला मराठीत करून घ्यायला गेले. मी त्यांची लहान मुलगी, सोबत होते. आमच्या आडनावाचं शेवटचं अक्षर घाईच्या उर्दू हस्ताक्षरात ‘रे’ही वाचता येतं, ‘री’ही. नव्या कारकुनानं ‘पिशोरी’ वाचलं आणि विचारलं, “म्हणजे निर्वासित का? पेशावरचे? तिकडं त्याला पिशोरच म्हणतात.”

“नाही साहेब, पिशोरे. कन्नडजवळच्या पिशोरचे.”

“मग तिथल्या पाटलाची चिठ्ठी आणा.”

आम्ही पिशोरला गेलो. आजोबांनी पोरवयातच ते गाव सोडलं होतं. का, ते कधी सांगितलं नाही. पाटलांनी चहा पाजला, दोन म्हाताऱ्यांना बोलावलं. कुणालाच आमचं घर आठवेना.

“इथं पिशोरे कुणीच नाय,” पाटील म्हणाले. “गावात ऱ्हाणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतंय? गाव सोडलेल्यालाच ते चिकटतं. तुमचं मूळ आडनाव सांगा, लगेच लिहून देतो.”

वडिलांना ते ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडं बघत राहिले, जणू मलाच विचारत होते. मग हात जोडून उठले.

कचेरीनं ‘पिशोरी’च लिहिलं. लग्न होईपर्यंत मीही तेच लावलं.