रिकामे पाट

आमच्या भागात गणपती सांगायला पावती लागत नसे. घरातला लाकडी पाट मूर्तिकाराकडे नेऊन ठेवायचा, बस्स. त्याने तो ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला. चतुर्थीला त्याच पाटावर बसून मूर्ती घरी जायची. पाट रिकामा परत करणं आमच्या घराण्यात कुणाला माहीतच नाही, अशी माझी ठाम समजूत होती आणि तिचा मला गर्वही होता.

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, वडिलांनी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा कारखाना सुरू केला. ते नोकरी सांभाळून जेवढ्या जमतील तेवढ्याच मूर्ती करत. मी अंबरनाथला एका कंपनीत फिटर होतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीला टाळं लागलं, त्याच्या आधीच वडील गेले होते, आणि त्यांच्या हौसेवर आता आमचं घर चालणार होतं. त्यामुळे कुणाला नाही म्हणायची मला धास्ती वाटायची. एकाला परत पाठवलं तर पुढच्या वर्षी तो येणार नाही, त्याचं बघून शेजारीही येणार नाही, असलं काहीबाही डोक्यात फिरत राहायचं. भिंतीला टेकवलेल्या पाटांची चवड वाढत गेली आणि मी खुळ्यासारखा ती बघून खूश होत राहिलो.

त्यात उल्हासनगर कॅम्प चारचा एक सिंधी दुकानदार आला. त्याला दुकानात मांडून विकायला मूर्ती हव्या होत्या, त्याही भरपूर. मी शेडकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो हसून म्हणाला, “हो जाएगा ना, साईं?” मी म्हणालो, “हो जाएगा.” बायको दारात उभी होती. ती भिंतीशी गेली आणि टेकवलेले पाट एकेक करून मोजू लागली.

माती, साचे, अंगाचा रंग ही कामं आम्हा नवराबायकोत वाटून होत. डोळ्यांची आखणी मात्र फक्त माझी. बारीक ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा, आणि भुवई, पापणी, बुबुळ हात न थांबवता उतरवायचं. चुकलं तर पुसता येत नाही, खालच्या रंगावर डाग राहतो. श्रावण अर्धा सरला तेव्हा माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठसठस सुरू झाली. मी तेल चोळलं, फडकं गुंडाळलं, गरम पाण्यात हात बुडवून बसलो. डॉक्टर म्हणाले, हाताला महिनाभर विश्रांती द्या. मला त्यांचा इतका राग आला की औषधाची चिठ्ठी मी दवाखान्याच्या पायरीवरच चुरगळली. चतुर्थी महिनाभर थांबणार होती का?

दुकानदाराचा माल आधी जायचा होता, म्हणून आधी त्याचे डोळे आखले. त्याचा टेम्पो भरून गेला तेव्हा हात खांद्यापर्यंत पेटला होता. मागे उरले ते घरोघरचे पाट, वडिलांच्या वेळेपासून येणारे. त्यांच्यावर मूर्ती बसल्या होत्या, रंगल्या होत्या, आणि सगळ्या डोळ्यांविना माझ्याकडे तोंड करून होत्या. मी ब्रश उचलला. पहिल्याच भुवईला अंगठ्यात कळ आली आणि रेघ थेट कानाकडे गेली. दुसरी मूर्ती घेतली, तिचंही तेच. डाव्या हाताने उजवं मनगट धरून बघितलं. देवाला शिव्या दिल्या, मग त्याच्याच पायाशी बसून रडलो. मोठा माणूस, रंगाने बरबटलेला, हुंदके देत होतो.

बायकोला म्हणालो, तू आखून बघ. तिने एका तडकलेल्या मूर्तीवर प्रयत्न केला, ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, “मला हे जमत नाही. आणि जमतं असं मी कुणाला सांगणारही नाही.” मग पदराला हात पुसत तिने पुढचं सांगितलं. “पाट आज परत द्या. आज गेलात तर लोक निदान धावाधाव तरी करतील. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुणाच्या दारात उभे राहणार तुम्ही?”

ओळखीच्या दोन मूर्तिकारांकडे, डोळे तेवढे आखून द्या म्हणून, मी आधीच हात जोडून आलो होतो. त्यांच्याकडे स्वतःचंच काम आटपत नव्हतं. तेव्हा मूर्ती उतरवून ठेवल्या, पाट पुसले, सायकलच्या कॅरियरवर सुतळीने बांधले आणि निघालो. रस्त्यात ओळखीची माणसं रिकाम्या पाटांकडे बघायची आणि नजर वळवायची.

पहिलं घर गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजींचं होतं. वडिलांचं पहिलं गिऱ्हाईक. मी हात दाखवला, काय झालं ते अडखळत सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाट मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवला.

“तुझ्या बापानेही एकदा हा पाट परत आणला होता,” त्या म्हणाल्या.

मला एकदम हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मी जवळजवळ हसलोच.

“पण त्याने आषाढात आणला होता. म्हणाला, डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, यंदा माझ्याच्याने होणार नाही, तुम्ही आत्ताच दुसरीकडे सांगा. म्हणून तर बाबा, आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच आलो.”

मी उंबऱ्याशी उभा राहिलो. घरात मखराचे कागद कापून ठेवलेले दिसत होते. आजींनी पाट भिंतीला उभा केला, माझ्या फडकं बांधलेल्या हाताकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “आता मी कुणाकडे जाऊ, तेवढं सांग.”

मी चपला पायात सरकवल्या. बाहेर सायकलवर बाकीचे पाट तसेच बांधलेले होते. मी स्टँड काढला आणि पुढच्या घराकडे निघालो.