हरणाला पुरेल अशी गोळी

सिंगापुरात, सेंगकांगच्या मराठी घरांत निशिकांत शिंत्र्याचं नाव निघालं की मागोमाग हरीण यायचंच. गणपतीच्या जेवणात कुणीतरी हटकून विचारायचं, काय शिंत्रे, ठरली का गोळी? दुसरा म्हणायचा, अहो, यांची वाट बघून हरणं कवळ्या लावायला लागली. निशिकांत हसायचा आणि वाढून घ्यायचा. त्याला कुणी चिडवलेलं लागायचं नाही, कारण चिडवणाऱ्यांना गोळीतलं ओ की ठो कळत नाही हे त्याला ठाऊक होतं.

माणूस मूळचा गडहिंग्लजचा. पाया लेबार भागातल्या एका बँकेत काय काय चुकू शकेल ते चुकायच्या आधी सांगायचं, हेच त्याचं काम. या कामानं त्याचे केस गेले आणि सवय लागली ती कायमची. दर शनिवारी तो क्लबात नेमबाजीला जायचा. इथं शस्त्र घरी आणता येत नाही. ते क्लबातच कुलपात राहतं, काडतुसं मोजून मिळतात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. निशिकांतला ही शिस्त फार मानवायची. कागदावर तो असा मारायचा की शेजारच्या लेनमधली पोरं स्वतःचं सोडून बघत उभी राहायची.

काही वर्षांपूर्वी अभयनं त्याला हरणाच्या शिकारीला टेक्सासला बोलावलं. अभय शाळेत त्याच्याच बाकावर बसलेला. तिकडं जाऊन वर्षं झाली तरी जिभेवरचं गाव गेलं नव्हतं. पहाटे दोघं मचाणासारख्या लाकडी आडोशात बसले. हरीण आलं, हाकेच्या अंतरावर आडवं उभं राहिलं. अभयनं आपलं चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्वर त्याच्या हातात दिलं. निशिकांतनं नेम धरला आणि मग हळूच विचारलं, आत गोळी कुठली आहे? अभयला आठवेना. निशिकांतनं हात खाली घेतला. हरीण शेपटी उडवत झाडीत गेलं.

"लगा, बोहल्यावर उभा ऱ्हाऊन भटजीची डिग्री विचारालास व्हय?" अभय म्हणाला, आणि ही गोष्ट त्यानं पुढं सगळ्या गोतावळ्यात पसरवली.

निशिकांत मात्र घरी आला तो निवड करायलाच बसला. त्याचं म्हणणं असं, की काडतूस म्हणजे नुसती ताकद. त्या ताकदीचं काय करायचं ते पुढची गोळी ठरवते. रिव्हॉल्वरची गोळी रायफलीसारखी धावत नाही, म्हणून तिच्या अंगात वजन पाहिजे. हलकी, टोकाला खळगा असलेली गोळी लवकर उमलते, पण खांद्याच्या हाडावर बसली तर तिथंच चुरा होऊन थांबते. निव्वळ टणक असली तर खिळ्यासारखी आरपार जाते आणि बारीक भोक ठेवते. मधली पाहिजे. दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडं निघाली पाहिजे, म्हणजे गवतावर रक्ताचा माग राहतो आणि जनावर जवळच पडतं. हे तो बायकोला, उल्काला, भाजी निवडता निवडता सांगायचा. उल्का पुण्याची, ती म्हणायची, हरणाचं माहीत नाही, मी मात्र आरपार झालेय. तिकडं हरणाची शिकार नोव्हेंबरात. या विचारात किती नोव्हेंबर गेले. गेल्या दिवाळीत एकदाचं ठरलं : चव्वेचाळीस मॅग्नम, दोनशे चाळीस ग्रेन वजनाची, मऊ टोकाची. उल्कानं त्या दिवशी मुद्दाम गोड केलं होतं.

मग एके सकाळी एलआरटीच्या डब्यात मांडीवर ठेवलेल्या हाताकडं त्याचं लक्ष गेलं. उजवा अंगठा वात वळल्यासारखा बोटावर आपोआप फिरत होता. त्यानं डाव्या हातानं तो दाबून धरला. सोडला की परत सुरू.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. औषधानं जरा सुसह्य होईल, मागं जाणार नाही. मुलीला, आर्याला, दोघांनी नस दबलीय एवढंच सांगितलं. उल्का रडली ती बाथरूममध्ये नळ सोडून. निशिकांत रडला नाही. बँकेत हिशेब करावा तसा त्यानं हिशेब केला : येत्या नोव्हेंबरात जमलं तर जमलं. पुढच्या वर्षी हा हात आपला नसणार.

आणि हातासाठी तो काडतुसांची शिडी एकेक पायरी उतरू लागला. चव्वेचाळीसचा झटका मनगटाला सोसणार नाही हे उघडच होतं. मग तीनशे सत्तावन्न मॅग्नम; आकडा मोठा, पण काडतूस एक पायरी लहान. क्लबात त्या मापाचं एक जुनं जड रिव्हॉल्वर होतं. पहिली गोळी बरी गेली. दुसऱ्या गोळीनंतर हात जागेवर यायला तयार नाही. पुढं पुढं तर घोडा दाबायच्या आधीच मनगट दचकायचं. क्लबावर देखरेख करणारे कोह अंकल मागून म्हणाले, "शिंत्रे, टुडे टायर्ड, इज इट?" निशिकांतनं मान हलवली.

त्याच रिव्हॉल्वरात अडतीसचं काडतूसही बसतं. लहान, मवाळ, कागदावर भोकं पाडायला केलेलं. त्यानं ते भरलं, आणि सहाही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या. किती तरी महिन्यांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. कागद घडी घालून तो घरी आला आणि जन्मभर कागदावर मारणाऱ्या माणसानं करावी तीच चूक त्यानं केली : जिथं भोक पडलं तिथं काम झालं, असं धरून चालला.

रविवारी सकाळी, तिकडं अभयची जेवणवेळ झालेली असताना, त्यानं फोन लावला. अडतीसनंच मारणार म्हणाला. 

"निश्या," अभय म्हणाला, "कागद मरत नसतोय लगा. हरणाला बरगडी हाय, बरगडीमागं जीव हाय. अडतीसनं बी मरंल त्ये. पर आज न्हाई. दोन-तीन दिसांनी, कुठंतरी झाडोऱ्यात पडून."

निशिकांत वाद घालत राहिला. आणखी जवळून मारीन, आडवं उभं राहीपर्यंत थांबेन. हेच सगळं आजवर तो स्वतः अभयला उलट बाजूनं समजावत आला होता, हे त्यालाही ऐकू येत होतं. अभयनं बोलू दिलं, आणि मग एवढंच विचारलं की चव्वेचाळीस का सोडलंस.

उल्का लसूण सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तू सांग, नाहीतर मी सांगते."

त्यानं सांगितलं. अभयनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो भराभरा बोलू लागला : रायफल देतो, टेकवायला तिकाटणं देतो, दुर्बीण लावतो. तेही नको असेल तर, "मी मारतो, तू शेजारी बस. तुझंच म्हणू."

तो हे मायेनं म्हणाला, आणि म्हणूनच निशिकांतला ते फार खोल लागलं.

पुढच्या शनिवारी तो क्लबात गेला आणि कोह अंकलकडून जेवणाची एक कागदी पत्रावळ मागून घेतली. हरणाच्या खांद्यामागं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण एवढीच जागा. ती लक्ष्यावर चिकटवली. आत तीनशे सत्तावन्न भरलं, एकशे अठ्ठावन्न ग्रेन, मऊ टोकाची. हरणाला पुरेल अशी. झटका झाला की थांबत, श्वास घेत त्यानं सहा गोळ्या झाडल्या.

लक्ष्य जवळ आलं. दोन आत होत्या. एक खाली डावीकडं. पुढचा पाय मोडला असता. दोन मागं सरकलेल्या, सरळ पोटात. आतडी ओढत हरीण चालत राहिलं असतं. सहावीचं भोक शोधूनही सापडलं नाही. ती कागदावरच नव्हती.

कोह अंकलनी मागच्या भिंतीकडं पाहिलं, मग याच्या हाताकडं, आणि पुंगळ्या मोजून घेतल्या. निशिकांतनं सदस्यत्व सोडतोय म्हणून सांगितलं. "फ्यू मंथ्स रेस्ट, देन कम बॅक लाह," ते म्हणाले; पण त्यांनी त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

घरी आर्या सोफ्यावर मोबाइल बघत होती. आज लवकर कसा आलास, असं तिनं इंग्रजीत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कानात परत बोळे घातले. उल्का मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ठरलं," तो म्हणाला. "तीनशे सत्तावन्नच. त्याच्या खाली जायचं नाही. खाली गेलं की जनावराचे हाल."

"आणि तुला ते झेपेल?"

"नाही."

ती पुढं आली, पण त्यानं हात खिशात घातला होता.

त्यानं तिथंच उभं राहून अभयला फोन केला. तिकडं अपरात्र असणार हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. अभय झोपेतून उठला. येत नाही, निशिकांत म्हणाला. नुसता बसायला तरी ये, असं अभयनं दोनदा म्हणून पाहिलं. तेव्हा किती तरी वर्षांत तोंडात न आलेली गावची बोली निशिकांतच्या तोंडी आली.

"न्हाई लगा. तू मारताना बघत बसायचं मला जमायचं न्हाई. तिकीट काढू नगंस माझं."

 फोन कुणी आधी ठेवला ते दोघांनाही कळलं नाही.

उल्कानं चहा ठेवला. कपात ओतायला घेतला तेव्हा तो टेबलाशी बसूनच म्हणाला, "अर्धाच दे. भरलेला सांडतो."