माझ्या रागाला भूत म्हणाले

देवळाच्या पायरीवर माझं नाक घासलं जात होतं आणि मानेवरचा हात माझ्या आईचाच होता. मी नऊ वर्षांची. समोर पाटलीणबाई उभ्या. कृष्णाकाठच्या त्यांच्या उसात आई तण भांगलायला जायची. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. काम सोडणं परवडणारं नव्हतं.

मला राग यायचा. साधासुधा नाही. वेणीत गाठ राहिली, भाकरीचा काठ मोडला, एवढंही पुरायचं. मग मी किंचाळायची, चावायची, हाताला येईल ते फेकायची. ओसरला तरी दिवसभर आतून धुमसत असायची. मलाही त्या रागाची भीती वाटायची. हे कोणी विचारलं नाही. आदल्या दिवशी बांधावर मी आमची कळशी पाटलीणबाईंच्या पायाशी आपटली होती.

"देव सोडलासा न्हवं? आता भोगा," त्या म्हणाल्या.

आम्ही बौद्ध झालो, ते त्यांना सलत होतं. एरवी देवळात आम्हाला घेत नव्हते. भूत काढायला मात्र पायरी मोकळी होती. नाक घासून झालं की मिरचीची धुरी द्यायची ठरली होती. नाही म्हटलं तर आईचं काम जाणार.

तेवढ्यात त्यांच्या नातवाने हट्टाने पूजेचं ताट लाथाडलं. त्या आवरायला गेल्या तर त्यांनाच कडकडून चावला. पाटलीणबाई कौतुकाने हसल्या. म्हणाल्या, आज्यावर गेलाय, वाघ हाय.

आईने माझ्या मानेवरचा हात काढला.

"आवं, तुमचा तापला तर वाघ, आन् माजी तापली तर भूत व्हय?"

मी उठले आणि धुरीच्या निखाऱ्यांचं घमेलं लाथेने उलथलं. तेव्हा मला राग अनावर झाला नव्हता. मी पूर्ण शुद्धीत होते.

आईचं काम गेलं. तिने मला सांगलीला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, राग येण्याआधी काय होतं गं? कान तापतात, मी म्हणाले. त्यांनी आईला सांगितलं की पोर वाईट नाही, हा आजार आहे, मारलं तर वाढेल. औषधाने तो गेला नाही. कान तापले की आईला सांगायला शिकले, एवढंच.

पाटलीणबाईंना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. आजही कुठल्या पोरीला धुरी द्यायला नेतात असं कळलं की मी हातातलं काम टाकून निघते. कोणाच्या पाया पडत नाही, समजूत घालत बसत नाही. पोरीला उचलते आणि दवाखान्यात नेते. जो आडवा येईल, त्याची गाठ माझ्याशी आहे.