कोलंबसला, ‘आजोबां’चा खेळ बघायला

विक्रमी गोल करणारा, चाळिशी ओलांडलेला तो आइस हॉकीचा खेळाडू या मोसमानंतर निवृत्त होणार होता. आमच्या घरात त्याचं नाव ‘आजोबा’. त्यांचा संघ शिकागोला येऊन गेला तेव्हा आमच्या बारा वर्षांच्या इराचा पाय प्लास्टरमध्ये होता. पुढे प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी ती आइस हॉकीच्या सरावाला जाईना. “आय अ‍ॅम डन, आई,” एवढंच. मग मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, आजोबांच्या ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या सामन्याची तिकिटं काढली.

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलहून निघून इंडियानापोलिसपर्यंत आय-६५ महामार्ग, पुढे आय-७०. रस्ता सरळ, दोन्हीकडे बर्फाखालची शेतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा एका रेस्ट एरियात निवांत झाला. फारच निवांत. पुढे गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला थांबलो तर दुकानातलं घड्याळ बघून इरा किंचाळली, “बाबा! इट्स ईस्टर्न टाइम! आपला एक तास गेला!”

“अगं, भारताचे साडेअकरा तास झोपेतही सांगेन,” मिलिंद म्हणाला. “इंडियानाचा एक कोण लक्षात ठेवणार?”

तेव्हा शिकागोकडून जाणाऱ्यांनी घड्याळ घरीच पुढे करून निघावं.

पार्किंग स्टेडियमपासून दोन चौक लांब घेतलं की स्वस्त पडतं, पण त्या थंडीत धावावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा सामना सुरू झाला होता. जिन्यात जागा दाखवणाऱ्या एका वयस्क काकांनी अडवलं. खेळ थांबेपर्यंत कुणी जागेवर जायचं नाही, असा तिथला रिवाज. इराच्या अंगातली जर्सी बघून ते हसले. “तुझा हीरो आतापर्यंत दोनदा पडलाय, बेटा,” अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले.

आमची तिकिटं सगळ्यात वरची, स्वस्तातली. पण तिथून अख्खं मैदान दिसतं. आजोबा बर्फावर येत, जेमतेम मिनिटभराची ‘शिफ्ट’ खेळत, की परत बाकावर. एकदा प्रतिस्पर्ध्याने त्यांना कोपऱ्यात असं आपटलं की ते उठेचनात. इराने माझी बाही घट्ट धरली. शेवटी उठले, वाकूनच बाकाकडे गेले. संपलं, असं मला वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा उतरले आणि थेट त्याच कोपऱ्यात घुसून चकती काढून आणली.

गोल झाला नाही. सामनाही हरले.

“एवढं येऊन एक गोल नाही,” मोटेलकडे जाताना मिलिंद हळहळला.

“बाबा, यू वॉच्ड द राँग थिंग,” इरा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रविवारी दुपारी घरी पोचलो. बॅगा उतरवत होतो तेवढ्यात तिने गॅरेजमधून स्केट्स काढले. “यांना धार लावून आणूया? कोचला सांग, मी येते. पण शॉर्ट शिफ्ट्स, ओके?”

आजोबांना हे कधी कळणार नाही. त्यांचे आभार मानायला मला या लेखाची ही जागा सापडली.

पुढच्या सरावाला ती पहिल्याच वळणावर पडली. मी बाकावरून उठणार, तेवढ्यात तीच उठली.