नर्सबाईनं माह्या बापासाठी मागितलं

अमरावतीत माह्यासारखा कबरीले चुना मारणारा दुसरा नाही. कबरीतल्या कोणी अजून तक्रार केली नाही, म्हणून मीच तसं सांगत फिरतो.

नोव्हेंबरात ख्रिस्ती लोकायचा मेलेल्या माणसायसाठी प्रार्थनेचा दिवस येते. त्याच्या आदल्या दिवशी एक रिटायर नर्सबाई नवऱ्याच्या कबरीले माह्याकून चुना मारून घेते, अन् तिथंच गुडघे टेकते. तिचं म्हणणं, माणूस सर्गात जायच्या आधी शुद्धिस्थानात धुऊन निघते, अन् आपण देवाजवळ मागितलं त त्याले मदत होते.

औंदा मी बोलून गेलो, "बाई, बारा वर्सं झाले. साहेबाचा मळ लय चिवट दिसते!"

बाई हासली. "ते निघाले असतीन, त माहं मागणं ज्याचं कोणी नाही त्याले पोचते."

माह्या हातातला ब्रश थांबला. माहा बाप माह्याशी अबोला धरून गेला, अन् चूक माहीच होती. तेरवीत मी लाडू तेवढे हाणले. भीत भीत इचारलं, "आमच्या हिंदू माणसाले चालते का?"

"देव का रेशनकार्ड पायते? नाव सांग."

कधी न पायलेल्या माणसासाठी ती बाई दुखऱ्या गुडघ्यानं पुन्हा खाली बसली. मी सख्खा पोरगा असून एवढं केलं नोतं. डोये पुसत म्हनलं, "माह्यासाठीबी आताच मागून ठेवा."

"ते माह्या एकटीच्यानं नाही होत," बाई म्हणे. "तुह्यासाठी पुरं चर्च गुडघ्यावर बसवा लागन."